घाटावरची माणसं, बावीस फुटी होडी आणि दाभोळची खाडी

हरिपूरकर

महापुराच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, की सांगलीत राहून तुम्ही लोक समुद्रात कशाला तडमडता, आणि गेलाच आहात तर काय झालं ते नीट लिहा. तिथं अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

होडी २२ फुटी, फायबरची, वापरलेली घेतलेली. एक डोलकाठी, दोन शिडं, मागं दहा हॉर्सपॉवरच्या आतलं पेट्रोल इंजिन. विकणारा म्हणाला चार माणसं झोपतात. तीन झोपतात, तीही एकमेकांशी बोलचाल असेल तर. ठेवलीय दाभोळच्या खाडीत, कारण कऱ्हाड-पाटण करून कुंभार्ली उतरलं की चिपळूण, आणि पुढं धोपाव्याला फेरीबोट. आम्ही सगळे नदीवर वाढलेले. एक जण तर होड्यांच्या शर्यतीत वल्ही मारून दंड फुगवलेला.

पहिली गोष्ट: दक्षिणेला जाणं फार सोपं आहे, आणि सगळी फसगत तिथंच सुरू होते. फेब्रुवारीत दाभोळहून पहाटे निघा. जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी शांत. दहाच्या पुढं तो पडतो, तासभर शिडं लोंबतात, इंजिन लावावं लागतं. मग वायव्येकडून खारा वारा उठतो आणि दुपारी तीन-चारपर्यंत चढत जातो. तो तुमच्या पाठीमागून. दाभोळ ते जयगड १७-१८ सागरी मैल, म्हणजे बत्तीस-तेहतीस किलोमीटर. जेवणं होईतो जयगडचं दीपगृह दिसतं आणि माणसाला वाटतं आपल्याला जमलं.

परत येताना तोच वारा तोंडावर. तोंडावरच्या वाऱ्यात शिडाची होडी सरळ जात नाही, नागमोडी काढावी लागते, आणि तेच अंतर दीडपट होतं. शिवाय प्रत्येक लाट नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, आपटते. इंजिन लावून सरळ काढायचं ठरवलं तर एवढ्याशा इंजिनाचा वेग निम्म्यावर येतो. म्हणून जाताना लागलेल्या वेळावरून येतानाचा हिशोब करायचा नसतो. आमच्यात तोच झाला होता, कारण रविवारी रात्री घाट चढून सोमवारी दुकानं उघडायची होती.

जयगडहून निघायलाच उशीर झाला. दाभोळच्या तोंडाशी आलो तेव्हा चार वाजून गेलेले. बाहेरून बघितलं तर खाडीच्या तोंडाशी पाणी जरा खळबळलेलं, एवढंच. आता एक लक्षात ठेवा. समुद्राकडून बघताना फुटणाऱ्या लाटेची पाठ दिसते, तोंड दिसत नाही. पाठ कायम गुळगुळीत असते. आत शिरल्यावर मागं वळून पाहिलं तेव्हा कळलं आपण कशात आहोत.

वाशिष्ठीचं पाणी ओहोटीनं बाहेर येत होतं, वारा आणि लाटा समुद्राकडून आत. दोघांची गाठ पडते तिथं लाट आखूड होते, उभी राहते आणि डोक्यावरून फुटते. एका लाटेनं होडी मागून उचलली, ती लाटेबरोबर घसरली आणि आडवी झाली. आत गुडघाभर पाणी. त्या हिसक्यानं टाकीतळाचा सगळा गाळ ढवळून पेट्रोलच्या फिल्टरमध्ये गेला आणि इंजिन बंद पडलं. नांगर होता. पण दोर तीन बॅगा, स्टोव्ह आणि भडंगाच्या पिशव्यांखाली. तो उपसून टाकेपर्यंत दांड्याकडं, म्हणजे खाडीच्या तोंडाशी साठलेल्या गाळवाळूच्या उथळ पट्ट्याकडं, सरकत होतो. मासेमारीची एक बोट घराकडं चालली होती, तिनं दोर फेकला आणि ओढून आत नेलं. पैसे घेतले नाहीत. शिव्या मात्र मनापासून दिल्या.

आता प्रश्न. यातलं कोणतं टाळता आलं असतं, असं तुम्हाला वाटतं? इंजिन, दोर, वेळ? आमच्या गाडीत कुंभार्ली चढताना यावर बरीच भांडणं झाली.

माणदेशी

आमच्या दहिवडीकडं टँकरच्या पाण्यात होडी सोडायची वेळ आलीय आणि तुम्ही पाण्यात पाणी शोधत दाभोळला. वाचतोय. पुढचं लिहा.

तांडेलाचा_नातू

दाभोळचाच. आता नोकरीनं कऱ्हाडात, पण आजोबा आणि चुलते दर्यावरचे. हरिपूरकर, इंजिन आणि दोर हे नंतरचं. तुम्ही निघायच्या दिवशी पंचांग बघितलं नव्हतं. त्या रविवारी पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ होती ना? नक्की असणार.

आमच्याकडं पोरंसुद्धा हा हिशोब तोंडी करतात. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पुरी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, बंदराबंदरात फरक असतो, पण अंदाजाला बास. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी सुकती.

आता मांडून बघा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी अकरा-बाराला, म्हणजे ओहोटीचा जोर दोन ते चार. ते उधाणाचं पाणी, त्यात ओढ सगळ्यात जास्त. आणि खारा वारा चढलेला असतो तोही दोन ते चार. उन्हाळ्याच्या दिवसात हे दोन्ही दर पंधरवड्याला नेमानं एकत्र येतात. उलट सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी, ओढ कमी, आणि दुपारी चारला पाणी आत चाललेलं असतं. तीच खाडी, तोच वारा, तीच वेळ, आणि तुम्ही गाणी म्हणत आत आला असता.

दुसरं, तोंडाशी पाणी फुटताना दिसलं तर बाहेरच थांबायचं. खोल पाण्यात होडीला काही होत नाही, लाटा लांब असतात. उलट्या होतील, अंधार पडेल, बायको फोनवर ओरडेल. पाणी फिरलं की आत या. आत यायचंच तर अंजनवेलची बाजू धरून, आमच्या माणसाला विचारून. मोठ्या लाटांचा एक घोळका येतो, तो जाऊ द्यायचा आणि मग एका लाटेच्या पाठीवर बसून यायचं. तिच्या पुढं जायचं नाही. पुढं गेलात की होडी आडवी.

हरिपूरकर

अमावास्येच्या आदला दिवस होता. आत्ता भिंतीवरचं कॅलेंडर उलटून बघितलं. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे चारला पाणी जवळपास तळाला आलेलं, दांड्यावर खोली सगळ्यात कमी. बापरे.

विसावा_नाका

साताऱ्याहून. मी आणि मिस्टर दोघंही त्या होडीवर एकदा गेलोय (हरिपूरकर, ओळखलं असेलच). मला एक वेगळंच सांगायचंय. पुरुषमंडळी नकाशे, वारे, इंजिन यावर तासन्‌तास बोलतात. होडीवर निम्म्याहून जास्त चुकीचे निर्णय माणसाला मळमळत असताना, ऊन लागलेलं असताना आणि पोटात काही नसताना होतात. ज्याच्या हातात सुकाणू तो दुपारी अडीचला गप्प झाला की समजावं, याला आता फक्त घरी पोचायचंय. त्याच्याकडून खाडी दिसली की तो शिरणारच.

उलटीची गोळी आदल्या रात्री घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. आल्याची वडी, कोरडे चिरमुरे, भाकरी. तेलकट नको. आणि दर तासाला सुकाणूवरचा माणूस बदला, त्याला कितीही राग आला तरी.

कोयनाकाठ

तापोळ्याकडचा. शिवसागरात लाँच चालवतो. हरिपूरकरांच्या गोष्टीत मला आमचीच माणसं दिसली. आमच्या जलाशयात पण दुपारी वारा घुसतो, बामणोलीच्या बाजूला बरी लाट उठते. पण धरणाच्या पाण्याला दिशा नाही. आणि नदीला एकच दिशा आहे. सांगलीकर आयर्विन पुलाजवळचे फूट मोजत मोठे होतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका. आकडा कळला की काय करायचं ते कळतं. खाडीत तसा एक आकडाच नाही. सकाळी सहाला आत ओढणारं पाणी दुपारी बाहेर ढकलतं. आम्हा गोड्या पाण्यातल्यांच्या हाडात हे नाही. हात चांगला चालतो, डोकं नदीचं राहतं.

अजून एक. आम्हाला नुसत्या अंदाजानं खोली कळते, कारण तळ ठाऊक असतो. खाडीच्या तोंडाचा दांडा दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. मागच्या वर्षीचा रस्ता या वर्षी धरायचा नाही.

तांडेलाचा_नातू

शंभर टक्के. रत्नागिरीची भाट्याची खाडी, तिकडं आंजर्ल्याची खाडी, दोन्हीकडं तोंडाशी गाळ आहे आणि रोजची जाणारी-येणारी माणसंसुद्धा तिथं अडकतात. हर्णैच्या बोटी वादळात आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला पळतात, आणि धोका नेमका त्या तोंडाशी. नवख्यानं आधी जयगड आणि विजयदुर्ग एवढीच दोन बंदरं पाठ करावीत. दोन्हीकडं आत यायला खोल पाणी आहे.

पोहणारा_राजू

मला यातली निम्मी भीती अनाठायी वाटते. मी कृष्णेच्या पुरात पोहलोय, सांगलीवाडीहून पार पलीकडं. अंगात पाणी असलं की होडी उलटली तरी काय होतंय? लाइफ जॅकेट घातलं की पोहताच येत नाही उलट.

सांगलीवाडीची

राजू, तुमच्या पोहण्याबद्दल आदर आहे. पण होडी उलटते तेव्हा तुम्ही सूर मारून पाण्यात पडत नाही. डोक्याला डोलकाठी लागते, पायात दोर गुंततो, अंगावर शीड पडतं. आणि किनारा पाचशे फुटांवर नसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती तीत. तो दिवस आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही, म्हणून या विषयावर मला चेष्टा चालत नाही. जॅकेट पोहण्यासाठी नसतंच. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी असतं. तेही चांगल्या प्रतीचं असेल तर. धरणावर भाड्यानं मिळणारी फाटकी केशरी पोती नव्हेत.

पोहणारा_राजू

बरं. मान्य. घालीन.

गणपतीपेठ

माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळं माझ्या डोळ्यांना इंजिन आणि दोरच दिसणार. नातूंनी सांगितलं ते खरंच, पण हरिपूरकर, फिल्टर बंद पडणं हा योगायोग नव्हता. टाकीतला गाळ खवळलेल्या पाण्यातच ढवळतो, म्हणून इंजिन बंद पडायचं तर तिथंच पडणार. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. समुद्रकाठी महिना दोन महिने अर्धी टाकी ठेवली की पाणी तळाशी वेगळं होतं. म्हणून:

निघण्याआधी जुनं पेट्रोल काढून स्कूटरला घाला, होडीत ताजं घ्या. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, पारदर्शक वाटीचा. सोबत एक सुटा फिल्टर, दोन प्लग, पंख्याची पिन, आणि पाना दोरीनं होडीला बांधलेला (हातातून सुटला की गेला). परत आल्यावर गोड्या पाण्यावर इंजिन दहा मिनिटं चालवा. मीठ राहिलं की थंड पाण्याची नळी चोंदते.

दोर. बाजारात स्वस्त निळा-हिरवा दोर मिळतो तो नांगराला घेऊ नका. तो तरंगतो, इंजिनाच्या पंख्यात जातो, आणि उन्हानं कुजतो. नायलॉन घ्या. तो ताणतो, म्हणून हिसका बसत नाही. नांगराला आधी चार-पाच मीटर साखळी, मग दोर. सोडायचा किती, तर खोलीच्या पाच ते सातपट. पाच मीटर पाण्यात तीस मीटर सोडायचा, आणि त्या पाच मीटरमध्ये भरतीनं वाढणारं पाणी धरायचं. घाटावरचे लोक पाच मीटरला सात मीटर सोडतात आणि म्हणतात नांगर धरत नाही. नांगर आडवा ओढला गेला तरच रुततो.

आणि खाडीत शिरण्याआधी नांगर बांधून, दोर मोकळा करून, पुढं तयार ठेवायचा. भडंग मागं.

हरिपूरकर

भडंगावरून आता जन्मभर ऐकावं लागणार. नायलॉन किती जाडीचा?

गणपतीपेठ

तुमच्या होडीला १२ मिलिमीटर पुरे. हाताला धरवतो म्हणून १४ घेतलात तरी चालेल. साखळी गंज न धरणारी, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली.

इतिहासवेडा_करंजे

जरा अवांतर. बाळाजी विश्वनाथांनी मध्यस्थी केल्यावर कान्होजी आंग्रे सातारच्या शाहू महाराजांच्या बाजूनं आले आणि सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, राहिले. म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचा हुकूम घाटावरच्या सातारच्या गादीचा होता. त्यामुळं घाटावरची माणसं आणि समुद्र यांचं नातं काही नवं नाही.

तांडेलाचा_नातू

हुकूम घाटावरचा, पण सुकाणूवर आमची माणसं होती. एवढं ध्यानात असू द्या.

कोयनाकाठ

हाहा. पटलं.

विसावा_नाका

मौसमाबद्दल कुणी लिहिलंच नाही. आम्हाला मे महिन्यात शाळेच्या सुट्टीत जायचं होतं. हरिपूरकर नाही म्हणाले म्हणून मी रागावले होते.

हरिपूरकर

मे अजिबात नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच बंद असते, म्हणून लोकांना वाटतं ३१ मे पर्यंत समुद्र आपला. पण मे २०२१ चं तौक्ते वादळ आठवा, कोकण किनाऱ्याला घासून गेलं. दुसऱ्या बाजूला दिवाळीनंतर सगळं निवळलं असं समजतात, तर फयान वादळ नोव्हेंबर २००९ मध्ये आलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किती तरी बोटी समुद्रातच होत्या. आमच्यापुरता आम्ही डिसेंबर ते मार्चमधला काळ धरतो, बाकीचे महिने होडी झाकून.

मार्चनंतरची अजून एक गंमत आहे, जी मला सगळ्यात जास्त खटकते. वारा नाही, आकाश निळं, तरी लाट. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडं कुठंतरी वादळ झालेलं असतं आणि काही दिवसांनी त्याच्या लांब लाटा इथं पोचतात. खोल पाण्यात त्या जाणवतही नाहीत, होडी हळूच वर जाते आणि खाली येते. पण उथळ दांड्यावर आल्या की उभ्या राहतात. हैदराबादचं इन्कॉईस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, रोज लाटांचा अंदाज देतं, त्यात उंचीशेजारी लाटेचा कालावधी सेकंदात असतो. आम्ही फक्त उंची बघत होतो. एक मीटर दिसलं की खुश. पण एक मीटर आणि सहा सेकंद वेगळं, एक मीटर आणि सोळा सेकंद वेगळं. सोळा दिसलं की दांडा असलेल्या खाडीचा विचार सोडून द्यायचा.

सांगलीवाडीची

फोनला रेंज असते का? अडचण आली तर कुणाला सांगायचं?

तांडेलाचा_नातू

किनाऱ्यापासून तीन-चार मैलांत बऱ्याचदा असते, डोंगराआड गेलात की जाते. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही फोनमध्ये साठवून ठेवा. रेडिओ असेल तर वाहिनी १६, तिथं आजूबाजूचे सगळे ऐकतात, मोठी जहाजंसुद्धा. पण खरी मदत जवळच्या मच्छीमाराकडूनच येते, म्हणून त्याला त्रास देऊ नका. जाळ्याचे बोये आणि काठीवरची काळी फडकी दिसली की लांबून वळा. बोटीवरचा माणूस हात करून कुठल्या बाजूनं जायचं ते दाखवतो, तो तुम्हाला रामराम करत नसतो. रात्री तर निघूच नका. जाळ्यावर दिवा असेलच असं नाही.

आणि निघण्यापूर्वी बंदरावर सांगून जा, कुठं चाललोय आणि कधी पोचणार. पोचलात की कळवा. हे न कळवल्यामुळं आमची माणसं दुसऱ्या दिवशी शोधायला गेलेली आहेत, आणि पाहुणे हॉटेलात सोलकढी पीत बसलेले.

कोयनाकाठ

इंजिनाच्या लाल दोरीचं राहिलं. ती मनगटाला अडकवायची. चालवणारा पाण्यात पडला की इंजिन आपोआप बंद. आमच्याकडं निम्मे लोक ती हँडलला गुंडाळून ठेवतात.

पोहणारा_राजू

एक शंका. सोमवारच्या दुकानाचं काय करायचं मग? रजा सगळ्यांना एकदम मिळत नाही.

हरिपूरकर

यावर आमचं भांडण मिटलंय. होडी परत दाभोळला आणायची सक्तीच काढून टाकली. रविवारी दुपारी जिथं असू तिथं, जयगड असो की विजयदुर्ग, चांगल्या जागी नांगरून, ओळखीच्या माणसाला राखणीचे पैसे देऊन गाडीनं वर यायचं. पुढच्या खेपेला तिथून पुढं. गाडी दाभोळला अडकते ही कटकट आहे, म्हणून एक जण किनाऱ्यानंच गाडी घेऊन चालतो. तवसाळहून जयगडला फेरीबोट आहे, ती सोयीची पडते. ज्याला उलट्या होतात तो गाडीवर. या कामाला आता दोन उमेदवार आहेत.

माणदेशी

तिसरा मी. गाडी चालवतो, पाण्यात उतरणार न्हाय. पुढची खेप कधी?

हरिपूरकर

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात शनिवारी अष्टमी किंवा नवमी पडतेय का बघतो. नवमीला पावणेसातला भरती, म्हणजे चार-पाचला पाणी आत चाललेलं, उजेडही असेल. नातू, बरोबर?

तांडेलाचा_नातू

बरोबर. पण अष्टमी धरा. नवमीला वारा आडवा झाला आणि उशीर झाला तर अंधारात सापडाल. आणि येण्याआधी मला फोन करा, या पावसाळ्यानंतर दांडा कुठं सरकलाय ते चुलत्यांना विचारून सांगतो.

गणपतीपेठ

दोर शुक्रवारी दुपारनंतर घेऊन जा. साखळी मागवावी लागेल, चार दिवस आधी सांगा.